सत्तेचाळीस सेकंद

सरांचा कार्यक्रम लागला की परभणीतले काही लोक आपल्या रेडिओला चापट मारायचे. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. मोंढ्याजवळचा एक शिंपी खरोखरच आमच्या रेडिओ केंद्रावर आला होता. म्हणाला, "रविवारी दहा वाजता तुमचं मशीन बंद पडायलंय. मी दोनदा सेल बदलले." मशीन बंद पडत नव्हतं. सरांनी पाहुण्याला काहीतरी विचारलेलं असायचं आणि पाहुणा विचार करत असायचा. त्याचं उत्तर येईपर्यंत सर तोंडातून शब्द काढत नसत. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त.

मी त्या शिंप्याला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "विचार करायचा तर घरून करून यावं ना बाप्पा." गुरुवारी हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

आमचं केंद्र म्हणजे एका शिक्षणसंस्थेच्या आवारातल्या दोन खोल्या, मधे काच. आवाज शहरात आणि आजूबाजूच्या काही गावांत पोचायचा, त्यापुढं खरखर. सकाळी शेतीची माहिती, दुपारी आरोग्य, संध्याकाळी गाणी आणि रविवारी दहाला सरांचं 'ओळीमागचं'. त्यात सर लिहिणाऱ्यांशी बोलायचे. वार्ताहर, कथा लिहिणारे, सदरं लिहिणारे. एकदा तर दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहून देणारे एक गृहस्थ आले होते. सर एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर पाथरीत राहायचे आणि दर गुरुवारी एसटीनं रेकॉर्डिंगला यायचे. त्यांच्या कापडी पिशवीत काय असणार हे ठरलेलं होतं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पाहुण्याचं पुस्तक, लवंगांची डबी, कॉलेजच्या क्रीडास्पर्धांतलं एक जुनं स्टॉपवॉच, एक स्टीलची ताटली आणि लाल कापडी पाठीची वही.

ताटली पाहुण्यासाठी. आत शिरताना किल्ल्या, मोबाईल, अंगठ्या, बांगड्या, वाजेल ते सगळं तीत काढून ठेवायचं. मोठमोठे लेखक मुकाट्यानं अंगठ्या काढायचे. मग सर पंखा बंद करायचे, मे महिन्यातसुद्धा, कारण पंख्याचा आवाज माइक उचलतो. पाहुण्याच्या हातात ओला रुमाल द्यायचे आणि म्हणायचे, "जरा दम धरा. घाम आला की माणूस खरं बोलतो."

आवाजाची पातळी बघण्यासाठी पाहुण्याला काहीतरी बोलायला लावावं लागतं. इतर लोक 'एक दोन तीन' म्हणायला सांगतात, नाहीतर नाश्त्याला काय खाल्लं ते विचारतात. सर विचारायचे, "घरून निघताना शेवटचं कुणाशी बोललात?" एवढंच. पण तेवढ्यानं माणूस वेगळाच होऊन माइकसमोर बसायचा.

वहीत प्रश्नांपुढं आकडे असायचे. कुठं ९, कुठं १४, कुठं २२. पाहुणा किती सेकंद थांबला ते. पुढं एखादा शब्द. 'खोकला'. 'हसले'. 'खिडकीकडं बघितलं'. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा सर म्हणाले, "उत्तर तर ते घरी पण देत असतील. थांबतात ते निस्तं इथंच."

पुण्याहून एक कादंबरीकार आले होते ते मला नेहमी आठवतात. त्यांच्या कादंबरीत आमच्याच भागातलं एक गाव होतं. सरांनी विचारलं, "ह्या गावात तुमी किती दिवस राहिलात?" लेखक काहीबाही बोलले. सर नुसते बघत राहिले. लेखक चिडले. "झालं का तुमचं विचारून?" सरांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. काचेच्या अलीकडून मी सरांपुढचं स्टॉपवॉच बघत होते. अठ्ठावीस सेकंदांनी लेखक एकदम हळू आवाजात म्हणाले, "गाडीच्या खिडकीतून बघितलं होतं मी ते गाव. दोनदा." आणि त्यानंतर पंधरा मिनिटं ते जे बोलले तसं मी कुणा लेखकाला बोलताना ऐकलेलं नाही. निघताना अंगठ्या घालायच्या विसरले. सरांना त्या नेऊन द्यायला स्टेशनपर्यंत पळावं लागलं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी राणीसावरगावची. वडील घरच्याच दुकानात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्गात काही विचारलं की उत्तर मला आधी घरच्या बोलीत सुचतं, मग ते पुस्तकी करावं लागतं, मग ते बरोबर आहे की नाही याची भीती वाटते. या सगळ्यात वेळ जातो. पहिल्या वर्षी एकदा प्राध्यापकांनी मला उभं केलं. मी थांबले. मागून एक मुलगा म्हणाला, "नेटवर्क गेलं." सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले, चांगले होते तरी. तेव्हापासून कुणीही बोलता बोलता थांबलं की मीच नजर दुसरीकडं वळवते.

आणि मला काम मिळालं ते नेमकं सरांच्या कार्यक्रमाच्या संपादनाचं.

कॉम्प्युटरवर आवाज दिसतो. बोलणं म्हणजे गवतासारखी वर-खाली उगवलेली रेघ आणि गप्प बसणं म्हणजे सपाट रेघ. सपाट भाग निवडायचा, कळ दाबायची, दोन्हीकडचं गवत जुळून येतं. मला ते काम लवकर जमलं. केंद्राच्या मॅडम म्हणायच्या, "तुझा हात साफ आहे." मला असं कुणी फारसं म्हटलेलं नव्हतं. सरांच्या कार्यक्रमात मात्र हात लावायला मनाई होती. खोकला काढायचा, गाडीचा हॉर्न काढायचा, थांबणं काढायचं नाही. आणि मूळ फाईलला हात न लावता तिची नक्कल करून तिच्यावरच काम करायचं. मॅडम वैतागायच्या. "लोकांना वाटतं रेडिओ बंद पडला. सरांना सांगून उपयोग नाही, तूच थोडं आवर." मी सरांना विचारलं नाही. मॅडमना नाहीही म्हटलं नाही.

त्या गुरुवारी एक वार्ताहर आले होते. तालुक्याच्या गावावरून एका दैनिकाला तीस वर्षं बातम्या पाठवणारे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ताटलीत त्यांनी किल्ल्या ठेवल्या, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पेनंही ठेवली. सरांनी विचारलं, "घरून निघताना शेवटचं कुणाशी बोललात?"

"बायकोशी. ती म्हणली, ते बोलणार असाल तर जा. न्हाईतर जाऊ नका."

सरांनी 'ते' म्हणजे काय हे विचारलं नाही. बातम्या कशा मिळवायचे, फॅक्सच्या दिवसांत कशा पाठवायचे, कुणी कुणी धमक्या दिल्या, असं सगळं झालं. मग सर म्हणाले, "एखादी बातमी परत लिहायला मिळाली, तर कोणती लिहाल?"

वार्ताहरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो 'टक्' आवाज मला हेडफोनमधून आला. खुर्ची करकरली. त्यांनी आवंढा गिळला, तोही स्पष्ट आला. "ती..." म्हणाले आणि पुन्हा थांबले. सर हलले नाहीत. काचेपलीकडं त्या माणसाची मान खाली गेलेली होती आणि मला तिकडं बघवेना. मी टेबलावरच्या वायरी नीट करत बसले.

मग ते बोलले. "एका शाळेत पोरांना खिचडीतून विषबाधा झाली. पोरं वाचली. मी स्वयंपाक करणाऱ्या बाईंचं नाव छापलं. पाल पडली होती, असं लिहिलं. पुढं दोष पाण्याच्या टाकीचा निघाला. ते मी छापलं न्हाई. चुकलं माझं. त्या ऐकत असतील तर त्यांची माफी मागतो."

रेकॉर्डिंग संपल्यावर बाहेर ओट्यावर त्यांनी बाकीचं सांगितलं. बाई बौद्ध. काही घरांना त्यांच्या हातची खिचडी आधीपासूनच नको होती, बातमीनं त्यांना कारण मिळालं. काम गेलं. गावात पाण्यालासुद्धा कुणी त्यांच्या दारी थांबेना. बाई गाव सोडून परभणीत लेकीकडं आल्या. वार्ताहर म्हणाले, "समोर जायची हिंमत न्हाई झाली. लेकीच्या फोनवर निरोप धाडलाय, रविवारी रेडिओ लावा म्हणून. त्यांच्यासाठीच आलतो मी."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. बाई ऐकणार आहेत हे माहीत होतं.

शनिवारी मी संपादनाला बसले. कार्यक्रम अर्ध्या तासापेक्षा लांबला होता हे खरं. कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून नक्कल न करता मी मूळ फाईलवरच काम केलं हेही खरं. पण ती सपाट रेघ निवडली तेव्हा माझ्या मनात वेळ नव्हता आणि मॅडमही नव्हत्या. हेडफोनमध्ये तो माणूस "ती..." म्हणून अडकला आणि मला मागच्या बाकावरून "नेटवर्क गेलं" ऐकू आलं. सगळ्या शहरासमोर हा म्हातारा माणूस असा अडकलेला ऐकू येणार, लोक हसणार, रेडिओला चापटी मारणार. मला वाटलं, मी त्यांची लाज वाचवतेय. चष्मा, खुर्ची, आवंढा, 'ती', सगळं निवडलं आणि कळ दाबली. दोन्हीकडचं गवत छान जुळून आलं. मी सेव्ह केलं.

रविवारी कार्यक्रम झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आज पहिल्यांदा सरांचा कार्यक्रम रेडिओसारखा वाटला."

थोड्या वेळानं फोन आला. मीच उचलला. एका बाईचा आवाज होता, तरुण. "मघाशी तुमच्याकडं जे बोलले ना, त्यांनी निरोप धाडला होता. मायनं ऐकलं. तिनं इचारायला लावलंय, त्यो मानूस कागदावरून वाचायलता का?"

"नाही," मी म्हटलं. "मनानंच बोलले."

"मंग असं कसं? सरांनी इचारलं की लगी सुरू. माय म्हणली, इतक्या वर्षांनी बोलायला आणि साधा आवंढाबी गिळला न्हाई."

मी म्हटलं, "सरांना सांगते."

सांगितलं नाही. पाथरीला आमचा रेडिओ लागत नाही, त्यामुळं सरांना स्वतःचा कार्यक्रम गुरुवारी आल्यावरच ऐकायला मिळायचा. फोन करता आला असता. चार दिवस मी तो केला नाही.

गुरुवारी सरांनी हेडफोन लावले, वही उघडली आणि डोळे मिटून ऐकायला लागले. त्या जागेवर आल्यावर त्यांनी डोळे उघडले. मागं नेऊन परत ऐकलं. मग वहीची ओळ मला दाखवली. 'चष्मा. आवंढा. ती. ४७.'

"इथं सत्तेचाळीस होते."

"काढले, सर."

"मूळ?"

"त्याच फायलीवर सेव्ह झालं."

मग मी फोनचंही सांगितलं. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वार्ताहरांना फोन लावला आणि म्हणाले, माझ्याबरोबर बाईंकडं चला. पलीकडचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. "कामून सर? चार दिवस झाले लोकांचे फोन यायलेत. समदे म्हणायलेत, लय हिंमत केली तुमी. सांगितलं की आता रेडिओवर."

"तुमी स्वतःला ऐकलं का?"

"ऐकलं की. झ्याक झालं."

सरांनी फोन ठेवला. लवंगांची डबी पिशवीत टाकली. मग म्हणाले, "ते पण विसरले. त्यांना आता वाटायलंय, आपण असंच भरभर बोललो होतो."

लेकीच्या नंबरवर पत्ता विचारून आम्ही दोघं रिक्षानं निघालो. वाटेत सरांनी विचारलं, "कामून काढलंस?"

"वेळ बसत नव्हता, सर."

सर माझ्याकडं बघत राहिले. पाहुण्याकडं बघायचे तसंच. खरं उत्तर माझ्या तोंडात होतं, नेटवर्कचं, लाजेचं, सगळं. पूल आला, पूल गेला. मी रस्त्याकडं बघत बसले. सरांनी हळूच मान वळवली. सर जाऊन आता दीड वर्ष होईल. ते उत्तर मी त्यांना पुढंही कधी दिलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही. कुणालाच ते एक प्रश्न दोनदा विचारत नसत.

बाईंचं घर दोन खोल्यांचं. मुलींच्या एका मेसला त्या पोळ्या करून द्यायच्या. परातीत कणीक मळणं चालू होतं. लेकीनं चटई टाकली. सरांनी कोण, कुठले ते सांगितलं आणि म्हणाले, "तुमी जे ऐकलं ते अर्धं होतं. मधलं आमच्याकडून गेलं." मग त्यांनी वही उघडून वाचून दाखवलं. चष्मा काढून ठेवला. आवंढा गिळला. 'ती' म्हणाले आणि थांबले. सत्तेचाळीस सेकंद.

बाई ऐकत होत्या. कणीक मळायचं थांबलं नव्हतं.

"हे तुमी लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"हो. तिथंच बसून."

"लिहिलेलं मी कसं खरं धरू, साहेब? लिहिलेल्यानंच तर झालं समदं." त्यांनी मुठीनं कणीक दाबली. "आवाज असंल तर ऐकवा."

सरांनी वही मिटली. एवढ्या वर्षांची ती वही. "आवाज न्हाई राहिला."

"मी काढला, मावशी," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तू? कामून बाई?"

"मला वाटलं..." मी म्हटलं आणि पुढं काही येईना.

त्या माझ्यासाठी थांबल्या नाहीत. सरांकडं वळून म्हणाल्या, "त्यो येणार हाय का?"

या प्रश्नाला सर खूप वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आज न्हाई म्हणाले. मी विचारत राहतो."

सर विचारत राहिले. त्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत महिन्यातून एकदा त्या माणसाला फोन करायचे. प्रश्न तोच दोनदा विचारायचा नाही, हा नियम त्यांनी तेवढ्यापुरता मोडला. वार्ताहर 'बघू' म्हणायचे. नंतर नंतर फोन उचलेनासे झाले. बाईंकडं गेले की नाही मला माहीत नाही. गेले नसावेत.

पण त्या दिवशी अजून एक झालं, आणि ते लिहायचं म्हणूनच मी हे लिहायला बसले असेन. बाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि आम्हा दोघांना विचारलं, "च्या टाकू का? मपल्या हातचा चालंल का?"

कडवटपणे नाही विचारलं. पाणी गरम हवं की गार, असं विचारावं तसं. लेक म्हणाली, "माय, समद्यांना काय इचारतीस." पण गाव सोडल्यापासून त्या सगळ्यांना विचारायच्या.

मी थांबले.

मला कुठलंही उत्तर द्यायला वेळ लागतो हे मी वर लिहिलं आहे. त्या दिवशीही तसंच झालं असेल. पण सर, ज्यांना मी आयुष्यात कुणाला लगेच उत्तर देताना पाहिलं नव्हतं, ते बाईंचं वाक्य संपायच्या आत म्हणाले, "टाका की. माझ्यात साखर जास्त."

बाई उठल्या. उठताना त्यांनी सरांकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.

चहा आला. आलं घातलेला होता, चांगला होता. मी सगळा प्यायले, कप खाली ठेवून "छान झालाय" असंही म्हटलं. आमच्या घरी कुणी कुणाला उघड वाईट बोलत नाही. पण दुकानात मोटार घेऊन येणाऱ्या काही लोकांसाठी आजीनं खिडकीत एक वेगळा कप ठेवलेला असायचा, आणि तो का वेगळा आहे हे मी लहानपणी कधी विचारलं नव्हतं. माझं त्या दिवशीचं थांबणं नेहमीचं होतं, की त्या खिडकीतून माझ्याबरोबर आलेलं होतं? मला अजूनही सांगता येत नाही.

सरांच्या मांडीवर वही होती, पेन हातात होतं. त्यांनी काही लिहिलं नाही. किती सेकंद गेले ते त्यामुळं मला माहीत नाही. दोन असतील, तीन असतील. पण बाईंनी ते ऐकले. तिथं माझ्याजवळ दाबायला कुठलीच कळ नव्हती.